जोड बदलली तर डाव बदलावा काय?

जत्रेचा फड सुटला, कीं घरीं परतणाऱ्या मंडळींत एक वाद हटकून ऐकूं येतो. गांवचा नांवाजलेला पैलवान परक्या मल्लाकडून हरलेला असतो. एक म्हणतो, "त्यानें आपला नेहमींचा डाव सोडला, म्हणून तो पडला." दुसरा तितक्याच आवेशानें म्हणतो, "त्यानें नेहमींचाच डाव धरून ठेवला, म्हणून तो पडला." आणि दोघांनींही एकच कुस्ती पाहिलेली असते! आमच्या विद्यार्थिमित्रांनीं हा वाद पुष्कळदां घातला आहे. पालकमंडळीही त्यांत मागें नसतात. तेव्हां जो मल्ल अजिंक्य म्हणून गाजला, त्यास निरनिराळ्या प्रतिस्पर्ध्यांपुढें आपली रीत बदलतां येते काय, याविषयीं आम्हांस जें वाटतें तें येथें मांडण्याचें योजिलें आहे.

आमच्या मतें ती बदलतां येते. परंतु ती फडांत बदलत नाहीं, तालमींत बदलते. फडांत दिसतें तें केवळ त्याचें फळ.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. आपल्याच बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचे श्री. राहुल आवारे यांस कुस्तीचा वारसा वडिलांकडूनच मिळाला. पुढें पुण्यास हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखा वस्ताद त्यांस लाभला, आणि २०११ सालीं बिराजदार निवर्तल्यावर काका पवार यांनीं त्यांस हातीं धरलें. आतां मौज पाहा. काका पवार हे स्वतः ग्रीको-रोमन पद्धतीचे मल्ल. या पद्धतींत कमरेखालीं हात घालणें वर्ज्य. पट काढणें तर दूरच. शिष्य मात्र मुक्त पद्धतीचा, जींत पायांवरील हल्ल्यास फार मोल. एकाच अंगांत दोन रीती मुरण्याचा असा योग सर्वांस येत नाहीं.

२०१८ सालीं ऑस्ट्रेलियांतील गोल्ड कोस्ट येथें राष्ट्रकुल सामन्यांत ५७ किलो वजनगटाच्या अंतिम कुस्तींत त्यांनीं कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशी यांस १५ विरुद्ध ७ गुणांनीं हरवून सुवर्णपदक मिळविलें. पुढच्याच वर्षीं नूर-सुलतान (आतां पुन्हां अस्ताना) येथील जागतिक स्पर्धेंत ते ६१ किलो गटांत उतरले. चार किलोंचा फरक घरच्या तराजूंत क्षुल्लक दिसतो. पण तेथें समोरचा गडीच निराळ्या ताकदीचा असतो. उपांत्य फेरींत जॉर्जियाच्या बेका लोमताद्झे यांनीं त्यांस १० विरुद्ध ६ असें हरविलें. दुसऱ्या दिवशीं अमेरिकेच्या टायलर ग्राफ यांच्याशीं गांठ पडली, आणि ती कुस्ती राहुल यांनीं ११ विरुद्ध ४ अशी जिंकून कांस्यपदक घेतलें. एका रात्रींत कोणी नवा डाव शिकतो काय? मुळींच नाहीं. पण शिदोरींत दहा जिन्नस असले, तर काल उपयोगी न पडलेला जिन्नस बाजूस ठेवून दुसरा काढतां येतो. ज्याच्या शिदोरींत एकच भाकरी, तो काय बदलणार? २०२० सालीं त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला.

त्याहूनही कठीण बदल खाशाबा जाधवांना करावा लागला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातींत वाढलेला. मातीवर प्रतिस्पर्ध्याच्या जांघ्यास हात घालतां येतो; गादीवर पोशाख धरणें निषिद्ध. जत्रेंत चितपट होईपर्यंत कुस्ती चालूं शकते. आज गादीवर तीन तीन मिनिटांचे दोन डाव, आणि पाय वर्तुळाबाहेर पडला तरी गुण जातो. १९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकपूर्वीं रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाकडून खाशाबांनीं गादीचे धडे घेतले, आणि तेथें ते सहावे आले. चार वर्षांनीं, १९५२ सालीं, हेलसिंकीस त्यांनीं कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सहाव्यावरून तिसऱ्यावर येण्यास चार वर्षें लागलीं, हें विसरूं नये.

मुष्टियुद्धांतही याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. महंमद अली हे पाय नाचवीत लढण्याबद्दल विख्यात. १९७४ सालीं किन्शासा येथें तोंवर अपराजित असलेल्या जॉर्ज फोरमनपुढें मात्र ते दुसऱ्या फेरीपासून दोरांस टेकून राहिले, ठोसे हातांवर झेलले, आणि आठव्या फेरींत दमलेल्या फोरमनला त्यांनीं लोळविलें. ही युक्ति त्यांस आयत्या वेळीं सुचली असें लोक म्हणतात. परंतु सरावांत ते दोरांस टेकून सोबत्यांचे ठोसे मुद्दाम झेलीत असत, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. आणि फोरमन? त्या दिवशीं त्यांस एकच रीत ठाऊक होती. वीस वर्षांनीं, पंचेचाळिसाव्या वर्षीं, तेच फोरमन धीरानें लढले, गुणांत मागें असतांही दहाव्या फेरीची वाट पाहत राहिले, आणि पुन्हां जगज्जेते झाले.

जुने वस्ताद म्हणतात, "एक डाव घोटून घ्या, शंभर डाव अर्धवट नकोत." हें आम्हांस मान्य आहे. ढाक ज्याची हुकमी, त्यानें ढाक सोडूं नये. पण त्या ढाकेपर्यंत पोंचण्याच्या वाटा अनेक हव्यात. कारण उंच गडी, बुटका गडी, डावखुरा गडी आपल्याला एकाच वाटेनें येऊं देत नाहींत. खडाखडींत चतुर मल्ल हेंच तर चांचपून पाहत असतो.

आमची खरी तक्रार निराळीच आहे. आपल्याकडील बहुतेक मुलें वर्षानुवर्षें त्याच दोन-तीन जोडीदारांशीं लढतात, नि त्यांस चीत केलें कीं स्वतःस अजिंक्य समजूं लागतात. त्यांस दुसऱ्या तालमींत पाठविणें वस्तादास कमीपणाचें वाटतें. गादी मिळाली, तर मुलगा पहिले कांहीं महिने हरतो. ज्यांस तो मातींत सहज पाडी, ते त्यास गुणांवर हरवितात. मग घरचे म्हणतात, "मातींत होता तेव्हांच बरा होता," आणि त्यास परत नेतात. ज्या महिन्यांत त्याच्या अंगांत दुसरी रीत उतरूं लागली असती, नेमक्या त्याच महिन्यांत! अशा पालकांस आमची विनंति आहे, कीं मुलगा हरत असला तरी त्यास आणखी एक हंगाम गादीवर राहूं द्यावें, आणि त्याचा खुराक मात्र तोडूं नये.