फायरमन गेल्यावर फाईल कोणी फिरवायची?

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य



आग विझवताना जवान गेला की संध्याकाळपर्यंत मदतीचा आकडा जाहीर होतो. तो आकडा सरकारच्या मर्जीवर असतो आणि घटनास्थळी कॅमेरे किती पोचले यावर बराचसा ठरतो, हे आपणही खासगीत नाकारणार नाही. मला लिहायचंय ते दुसऱ्या रकमेबद्दल. ती कोणी जाहीर करत नाही, कारण ती कायद्याने द्यावीच लागते. आणि तीच वेळेवर मिळत नाही.

मी कामगारांच्या बाजूने वकिली करते. 9 मे 2015ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली आणि मुंबई अग्निशमन दलाने प्रमुख सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई असे चार अधिकारी गमावले. सगळी मुंबई हळहळली. ते कायम नोकरीतले अधिकारी होते. त्यांच्यामागे देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका होती. तालुक्याच्या गावात धूर तोच असतो, बंबावरचा माणूस मात्र बहुतेकदा एजन्सीचा असतो.

अशाच एका गावातली फाईल माझ्याकडे आली. हजेरीपटावर त्या मुलाचा हुद्दा होता ‘सफाई कामगार’. प्रत्यक्षात तो बंबावर पाइप धरायचा, आणि ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाळी सकाळी आठला संपायची. जिनिंगच्या आगीची वर्दी पावणेआठला आली. तो गेला सव्वानऊच्या सुमारास, छपराखाली सापडून. एजन्सी म्हणाली, आठनंतर तो आमचा नव्हता. नगरपरिषद म्हणाली, तो आमचा कधीच नव्हता. आता वर्दीवर गेलेला माणूस आठचा भोंगा झाला म्हणून पाइप खाली टाकून घरी येतो का? पण हा प्रश्न त्याच्या बायकोला, कडेवरच्या पोरासकट, तारखेमागून तारखेला विचारत बसावं लागलं.

कायदा अपुरा आहे म्हणावं, तर तसंही नाही. 1923च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अग्निशमन दलाची नोकरी स्पष्ट शब्दांत होती. कंत्राटदाराचा माणूस गेला तर आधी मूळ मालकाने पैसे द्यायचे आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायचे, हेही त्यात होतं. मृत्यूची रक्कम परस्पर वारसांच्या हाती ठेवायची नाही, भरपाई आयुक्तांकडे जमा करायची. महिन्याभरात जमा केली नाही तर 12 टक्के व्याज, आणि दिरंगाईला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, तरी मालकाची जबाबदारी काही सुटलेली नाही. अडतं ते एवढ्यावरच की, ही रक्कम भरणं हे नगरपरिषदेत नेमकं कोणाचं काम, हे कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून पंचनाम्यासाठी पोलीस ठाणं, शवविच्छेदनाच्या अहवालासाठी जिल्हा रुग्णालय, वारसाच्या दाखल्यासाठी कोर्ट, असे खेटे विधवेने घालायचे. कोणी ‘अनुकंपाचं बघू’ म्हणतो आणि तिचं नाव प्रतीक्षा यादीत जातं. क्वार्टर असेल तर ती रिकामी करण्याची नोटीस मात्र न विसरता येते.

रकमेचंही ऐका. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. पण पगार कितीही मोठा असो, 2020च्या जानेवारीत केंद्राने ठरवलेल्या मर्यादेनुसार तो 15,000च धरायचा. म्हणजे चाळीस वर्षांच्या, 60,000 पगाराच्या जवानाचे निम्मे 7,500, गुणिले 184.17, झाले 13,81,275 रुपये. खरा पगार धरला असता तर हीच रक्कम 55 लाखांवर गेली असती. मर्यादा वाढवणं दिल्लीच्या हातात आहे, मान्य. फरकाची भर घालायला महाराष्ट्राला कोणी अडवलेलं नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलतच नाही. रात्रभर धुरात राबलेला माणूस सकाळी घरी येऊन छाती धरून कोसळला, तर तो ‘कामावर’ मेला का? इथे हे सिद्ध करण्याचं ओझं घरच्यांवर पडतं. अमेरिकेने 2003च्या एका कायद्याने हा वाद बराचसा मिटवला: जोखमीच्या, दमवणाऱ्या कामगिरीनंतर 24 तासांत हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन मृत्यू झाला, तर तो कर्तव्यावरचाच धरायचा; नाही म्हणणाऱ्याने पुरावा द्यायचा. आपल्याकडे कर्करोगाच्या बाबतीतही सिद्ध करण्याचं ओझं असंच पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022मध्ये आग विझवण्याच्या कामातल्या संपर्काला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. आपल्या किती अग्निशमन केंद्रांत जवानाने आयुष्यात किती धूर खाल्ला याची नोंद ठेवतात? नोंदच नसेल तर निवृत्तीनंतर फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेल्याचे वारस कोर्टात दाखवणार काय?

तेव्हा एक शासन निर्णय काढा. कायम असो, कंत्राटी असो की रोजंदारीवर, बंबावर चढलेल्या प्रत्येकाचा हुद्दा हजेरीपटावर अग्निशमन कर्मचारी असाच लागावा. वर्दी मिळाल्यापासून केंद्रावर परत येईपर्यंतचा सगळा वेळ कामाचा धरावा, पाळी संपलेली असली तरी. मृत्यू झाला की कागद जमवून तीस दिवसांत रक्कम आयुक्तांकडे भरणं ही मुख्याधिकाऱ्याची नावानिशी जबाबदारी असावी, आणि उशिराचं व्याज व दंड गावाच्या तिजोरीतून न जाता ज्याने फाईल दाबली त्याच्या पगारातून कापावा. (ही अट मसुद्यातून सर्वांत आधी गळेल, याची मला कल्पना आहे.) छोट्या नगरपरिषदांकडे पैसा नसतो, हे खरं. पण 2006च्या आग प्रतिबंधक कायद्याने अग्निशमन सेवा शुल्क आकारता येतं; त्यातला एक हिस्सा राज्य पातळीवर बाजूला काढला, तर 15,000 आणि खऱ्या पगारातला फरक त्यातून भरता येईल.

14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. 1944च्या त्या दिवशी मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात 66 अग्निशामक गेले. दर वर्षी त्यांना मानवंदना दिली जाते आणि भाषणं होतात. येत्या 14 एप्रिलला भाषणाच्या कागदाबरोबर या निर्णयाची प्रतही आणावी, आणि त्या वेळी राज्यात अशी किती प्रकरणं महिन्याहून जास्त काळ पडून आहेत, त्याची यादी जिल्हावार वाचून दाखवावी.

आपली,
एक कामगार वकील