सोलकढी, डीप फ्रीझर आणि 'पॉइंट वन'चा मोह

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पदरात घ्याव्यात. हाच लेख इंग्लिश सेक्शनला देणार होते, पण सोलकढीला इंग्रजीत काय म्हणायचं ते ठरेना. असो.

विषय आहे टेंपरेचर कंट्रोलर. पान उलटू नका! सिलॅबसमधलं काही नाही. उलट सिलॅबसमध्ये जे नाही त्याचीच तक्रार आहे.

माझ्या काकीचं तारकर्लीला निवास-न्याहारीचं घर आहे. सीझनमध्ये राहणारे पाहुणे आणि नुसते जेवायला येणारे धरून दिवसाला चाळीस लिटरपर्यंत सोलकढी आणि कोकम सरबत लागतं. गेल्या वर्षी तिने वर झाकण असलेला एक जुना डीप फ्रीझर सेकंडहँड घेतला आणि त्यात सोलकढीचे दोन कॅन ठेवले, दूधवाले वापरतात तसे स्टीलचे. सकाळी दोन्ही कॅनमध्ये दगड! डीप फ्रीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट उणे अठराच्या आसपास राहायलाच बनवलेला असतो. त्याचं बटण कितीही फिरवा, तो अधिक चारवर येत नाही. आणि नारळाचं दूध एकदा गोठलं की वितळल्यावर फुटतं, पाणी वेगळं आणि चोथा वेगळा. बरं, बाहेर ठेवावी तर मे महिन्यात दुपारपर्यंत आंबते.

"गो बाय, तू इंजिनेर मा? मग ह्येचा कायतरी कर," काकी म्हणाली.

मी अर्थात नेटवर गेले. तिथे कळलं की हा प्रश्न जगात हजारो लोकांनी आधीच सोडवलाय, फक्त त्यांच्या कॅनमध्ये बिअर असते. अमेरिकेत घरी बिअर करायला १९७८ च्या कायद्याने मोकळीक मिळाली, जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना. तेव्हापासून तिकडची मंडळी घरच्या घरी बिअर आंबवतात आणि जुन्या डीप फ्रीझरला बाहेरून कंट्रोलर लावून त्यात पिंपं थंड ठेवतात. आंबवताना तर कंट्रोलर फारच लागतो, कारण यीस्ट काम करताना स्वतःच उष्णता सोडतं. खोली वीसवर असली तरी पिंप दोन-चार डिग्री वर जातं आणि चव बिघडते. आपल्याकडे मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी असलं काही करणं गुन्हा आहे. बांदा ओलांडलं की गोव्यात बोंडूच्या रसाची फेणी होते, तिला २००९ मध्ये जीआयसुद्धा मिळाला. आणि अलीकडे आमच्याकडे बी काढून घेतली की बरीच बोंडं बागेतच कुजतात. त्यावर वेगळा लेख होईल, पण प्राचार्य वाचतात म्हणून थांबते. आमच्या कॅनमध्ये सोलकढीच आहे हो!

आता कंट्रोलर निवडायचा. इथे मी शहाणपणा केला. आम्ही आख्खं सेमिस्टर पीआयडी शिकलो. झिग्लर आणि निकोल्स यांची १९४२ ची ट्यूनिंगची पद्धत मला झोपेत विचारली तरी येते. ऑन-ऑफ कंट्रोल मात्र अर्ध्या पानात उरकलेला, 'साधा, स्वस्त, पण अचूक नाही' या शेऱ्यासकट. साहजिकच मला पीआयडी हवा होता, डिस्प्लेवर पॉइंट वन डिग्री दाखवणारा. एका सीनियरने वेळीच विचारलं, "तुझा कॉम्प्रेसर अर्धा चालू होतो का गं?" नाही होत. जुन्या फ्रीझरचा कॉम्प्रेसर एक तर चालू, नाही तर बंद. हीटरला दर दोन सेकंदांनी चालू-बंद केलं तर त्याला काही वाटत नाही, पण कॉम्प्रेसरला तसं केलं तर तो आठवडाभरसुद्धा टिकेल असं वाटत नाही. एकदा बंद झाला की आतल्या गॅसचं दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखं व्हायला तीन-पाच मिनिटं लागतात. त्याआधी चालू केला तर मोटर अडकते, करंट खेचते आणि तापते.

म्हणजे मला हवा होता तो अर्ध्या पानातला ऑन-ऑफच! नेटवरची बिअर मंडळी ज्याचं नाव सारखं घेतात तो एसटीसी-१००० नावाचा छोटा डबा याच जातीचा. त्यात किती डिग्री हवं, किती फरक चालेल, कॉम्प्रेसर किती मिनिटं थांबवायचा (१ ते १०) आणि सेन्सर किती चुकतो, एवढ्या चारच गोष्टी भरायच्या. थंड आणि गरम दोन्हीसाठी वेगवेगळे रिले. वायरिंग आपलं आपण करायचं. ते नको असेल तर प्लग-सॉकेट लावून तयार येणारा इंकबर्डचा आयटीसी-३०८ आहे, जरा महाग.

पण मी दोन्ही घेतले नाहीत. पैसे वाचवायचे म्हणून एक निनावी उघडा बोर्ड घेतला. त्यात डिलेच नव्हता. रिलेवर '१० अँपिअर' छापलं होतं आणि आमचा कॉम्प्रेसर चालताना दीड अँपिअरसुद्धा घेत नाही, म्हणून मी निश्चिंत. पण सुरू होताना तो क्षणभर पाच-सहा पट खेचतो हे मशीन्सच्या पेपरात लिहिलेलं असूनही डोक्यात आलं नाही. त्यातून फरक ठेवला पॉइंट थ्री, हौस म्हणून. दर काही मिनिटांनी टक्-टक्. सोळाव्या दिवशी रिलेचे पॉइंट एकमेकांना चिकटले. म्हणजे डिस्प्लेवर 'बंद' आणि फ्रीझर रात्रभर चालूच.

"सोलकढीचो बरफ झालो गो!" सकाळी सहाला काकीचा फोन. दुपारी बावीस माणसं जेवायला होती. ती मला एका शब्दानेही बोलली नाही, आगळ काढून सरबतावर भागवलं. पण चाळीस लिटरचे नारळ, सोलं आणि तिची पहाटेची मेहनत माझ्या हौसेपायी नाल्यात गेली. तिने बोलायला हवं होतं, बरं वाटलं असतं.

कॉम्प्रेसर वाचला हे नशीब. तो गेला असता तर काकीचा सीझनच गेला असता.

मग मात्र डिलेवाला कंट्रोलर आणला आणि त्याच्या रिलेवर कॉम्प्रेसरचा भार न टाकता मध्ये एक दणकट काँटॅक्टर घातला. डबा घेताना एवढं नक्की बघा की वीज जाऊन परत आल्यावरही तो डिले पाळतो का. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते ती एका मिनिटात तीनदा. सगळा जीव त्या एका सेटिंगमध्ये आहे, डिस्प्लेमध्ये नाही.

सेन्सर कुठे ठेवायचा यावर बिअरवाल्यांमध्ये सासू-सुनेची भांडणं आहेत. हवेत लटकवला तर झाकण उघडलं की दहा डिग्री उडी मारतो, प्रत्यक्षात सोलकढी हललेलीही नसते. कॅनच्या आत बुडवला तर उलटं होतं. कॅन गार होईपर्यंत फ्रीझरच्या भिंती इतक्या थंड होतात की कडेचा थर गोठतो. आमचा तोडगा म्हणजे लिटरभर पाण्याची बाटली, तिच्यात सेन्सर, आणि कॅन भिंतीपासून चार बोटं लांब. फरक दोन डिग्री.

सेन्सर तपासायचा तर पाण्यात भरपूर बर्फ घालून त्यात बुडवा, शून्य दाखवायला हवं. माझा उणे दीड दाखवत होता. मी कंट्रोलरला मनसोक्त शिव्या दिल्या. नंतर लक्षात आलं, बर्फ मी मासळीच्या पेटीतला घेतला होता, खारट! घरच्या बर्फात बरोबर शून्य आला.

आणखी एक. कंट्रोलर शून्यावर ठेवला म्हणून सोलकढी लवकर गार होत नाही, हे काकीला (आणि आमच्या वर्गातल्या दोघांना) पटवायला मला वही काढावी लागली. चाळीस लिटर तीसवरून चारवर आणायचे म्हणजे साधारण ४,४०० किलोज्यूल उष्णता बाहेर काढायची. फ्रीझर सेकंदाला दीडशे ज्यूल काढतो असं धरलं तरी आठ तास. म्हणून कॅन आदल्या रात्रीच आत जातात.

गरम बाजूचा रिले रिकामाच होता, म्हणून मी उत्साहाने आंबोळीच्या पिठासाठी थर्माकोलची पेटी आणि चाळीसचा बल्ब असा बेत मांडला. एक तर कंट्रोलरला सेन्सर एकच, त्यामुळे चारवरची सोलकढी आणि तीसवरचं पीठ दोन्ही सांभाळायला दुसरा डबा लागणार. आणि मुळात गरजच नाही. काकी पावसाळ्यात पिठाचा टोप चुलीच्या वैलाजवळ ठेवते, मे महिन्यात रात्री उशिरा वाटते आणि पीठ सकाळी बरोबर फुगलेलं असतं. जिथे माणूस आणि चूल हे काम करतायत तिथे डबा लावू नये असं माझं मत झालंय. आंबोली घाटात वर राहणाऱ्यांनी वाटल्यास बल्ब लावावा.

वीजच नसेल तर कंट्रोलर काहीच करत नाही, हेही सांगायला हवं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा मालवण-देवगडकडे कित्येक दिवस अंधार होता. तशा वेळी जाड भिंतींची पेटी आणि बंद ठेवलेलं झाकण, एवढंच हाताशी. तेही काही तासांपुरतं.

सध्या तीनवर सेट आहे, फरक दोन, डिले पाच मिनिटं. काकीने खडूने झाकणावर लिहून ठेवलंय आणि त्याखाली 'चेडवान हात लावचो नाय' असंही. राहिलाय तो एकच त्रास. उणे अठराला आतल्या दमटपणाचा भिंतींवर बर्फ होतो, पण तीन-पाच डिग्रीला त्याचं पाणी होतं आणि तळाशी साचतं. आमची हवा खारी, त्यामुळे तळाचा पत्रा आताच तांबूस दिसायला लागलाय. दर दोन दिवसांनी फडक्याने पुसणं चालू आहे. सिलिका जेल एका आठवड्यात हरलं. कुणाकडे स्वस्त उपाय असेल तर थर्ड इयर इन्स्ट्रूच्या लॅबमध्ये भेटा, दुपारी तीननंतर. सोलकढी मी आणेन.