खोली दिली म्हणजे उपकार केले नाहीत!

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून हाकललं गेलं. आजही आडनाव ऐकून खोली ‘आत्ताच गेली’ असं आपल्या मुलांना सांगितलं जातं. म्हणूनच जो घरमालक खोली देतो, त्याचे आपण उपकार मानतो. खोली सोडताना तो रंगाचे, ओलीचे, गळक्या नळाचे पैसे कापून घेतो, तरी आपण गप्प!

पुण्यात शिकताना आम्हीही गप्प बसलो. गच्चीतून झिरपलेल्या पाण्याचे डाग आमच्या माथी मारले आणि डिपॉझिट बुडालं. ते भय होतं, आम्ही त्याला सभ्यपणा समजलो.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८ वाजवी झीज भाडेकरूच्या अंगावर टाकत नाही. पण आपल्या खोल्या बहुतेक लिव्ह अँड लायसन्सवर असतात. तिथे करारातला शब्दच कामी येतो. म्हणून ‘नेहमीच्या वापराची झीज वगळून’ हे शब्द सहीआधीच लिहून घ्या. लेखी, नोंदणीकृत करार करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ सांगतं. पहिल्याच दिवशी भिंती, नळ, फरशीचे फोटो काढून त्याला पाठवा.

आपल्या हातून बेसिन फुटलं तर? त्याच दिवशी कळवा, दुरुस्ती करा, पावती ठेवा. फोडलं ते भरू. झिजलं त्याचा एक रुपया देणार नाही. आम्ही भाडं देतो, मिंधे नाही आहोत.

जय भीम!