वाईनचा खर्च किती? शून्य!

आपल्या समाजातील काही नोकरदारांच्या घरी हल्ली रात्रीच्या जेवणासोबत वाईन येऊ लागली आहे. 'ही कसली दारू, हा तर द्राक्षाचा रस' असे वर ऐकवले जाते. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईनविक्रीला मंजुरी दिली, तेव्हाही शेतकऱ्यांचे हितच पुढे केले होते. पण वाईनमध्ये साधारण 12 टक्के अल्कोहोल असते. मग ती दारू नाही तर काय?

आता हिशेब मांडा. 700 रुपयांची बाटली नवरा-बायकोला दोन दिवस पुरली असे धरा. रोजचे 350, वर्षाचे 1 लाख 27 हजार 750 रुपये! एवढ्यात गावाकडच्या पुतणीचे शिक्षण होते.

स्वस्त घ्यावी की महाग, हा प्रश्नच गैरलागू आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तिथे बाटलीची किंमत पाहिलेली नाही. वस्तीतल्या बांधवाला हातभट्टी सोडायला सांगायचे आणि आपण फ्लॅटमध्ये पेले भरायचे, हे कसले प्रबोधन? पंचशील वस्तीला आणि फ्लॅटला एकच आहे.