बंद होईना, सुरू होईना!

परवा अकोल्यात एक झकास मुलाखत टाइप केली, बडनेऱ्याच्या गाडीची वेळ झाली आणि माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर उबुंटूचं शटडाऊन अडकलं. स्क्रीनवर ‘स्टॉप जॉब’ आणि दीड मिनिटाचं काउंटडाऊन. एवढा वेळ कुणाला? पॉवरचं बटण दाबून धरलं नि स्टेशन गाठलं.

अमरावतीत आत्याकडे उघडला, तर काळा पडदा आणि एकच शब्द: इनिट्रॅमएफएस. कॉपी रात्री दहाला द्यायची होती! घाम फुटला (अकोल्यातही फुटतो, पण हा वेगळा).

आतेभाऊ म्हणाला, “ताई, बटन काहून दाबलं? त्याले लिहून त होऊ द्यायचं!” बंद होताना लिनक्स मेमरीत राहिलेलं डिस्कवर उतरवतं, मधेच वीज तोडली की हिशेब बिघडतो. त्यानं एफएससीके आणि बिघडलेल्या पार्टिशनचं नाव टाइप केलं, प्रत्येक प्रश्नाला वाय, शेवटी एक्झिट. मुलाखत सापडली, शेवटचे दोन परिच्छेद सोडून. त्यासाठी लाजत पुन्हा फोन लावला.

तुम्ही दीड मिनिट थांबाच. तरी हललं नाही तर अल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून सावकाश एस, यू, बी दाबा. एस उरलेलं लिहून घेतो, यू डिस्कवर पुढचं लिहिणं थांबवतो, बी रीस्टार्ट करतो. मग जर्नलसीटीएलमध्ये मागच्या खेपेची नोंद वाचा.

माझ्या नोंदीत काय निघालं? अमरावतीतल्या आत्याच्या कॉम्प्युटरवरचं शेअर्ड फोल्डर. बिचारा लॅपटॉप अकोल्यात बसून त्याची वाट बघत होता.