त्याचा उपयोग काय?

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. दिवाळीत घर भरलेलं होतं, त्यामुळे कॉम्प्युटरपुढे बसायला सवडच मिळाली नाही. आता पाहुणे गेले, डबे रिकामे झाले, आणि डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे. ती लिहून टाकते.

भाऊबीजेला खामगावला आमच्याकडे सगळे जमतात. यंदा त्यात दोन पीएच.डी. करणारे होते. एक माझा भाचा. चाळिशीचा आहे, सिव्हिल इंजिनियर, नोकरी सांभाळून अभ्यास करतो. दुसरी माझी नात, लेकीची लेक. पुण्यात गणितात नुकतीच संशोधनाला लागली आहे. फराळाच्या ताटावर विषय निघाला. भाचा म्हणाला, पुराच्या पाण्यानं पुलाच्या खांबाभोवतीची माती कशी खरवडली जाते आणि ती कशी वाचवायची, हा माझा विषय. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग नातीला विचारलं. ती म्हणाली, "अंशतः क्रमित संच. पोसेट म्हणतात." क्षणभर कुणी बोललं नाही. मग माझे दीर म्हणाले, "कायले करून राह्यली व बाई हे? याचा उपेग काय?" सगळे हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसले. पोरगी ताट उचलून आत गेली.

रात्री मला ते हसणं टोचत राहिलं. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सारथीच्या अधिछात्रवृत्तीचा प्रश्न निघाला, तेव्हा पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार आहेत, असं विधान परिषदेत बोललं गेलं होतं. तेव्हा मी रागानं पेपर बाजूला ठेवला होता. आणि आता माझ्याच ओसरीवर, माझ्याच नातीला मी तेच ऐकवलं की!

आधी भाच्याच्या विषयाचं बघू. माझं माहेर पूर्णाकाठचं. नांदुऱ्याहून जळगाव जामोदला जाताना येरळीला पूर्णा ओलांडावी लागते. लहानपणी पूर आला की आम्ही काठावर उभं राहून एवढंच बघायचो, की पाणी किती वर चढलं. भाच्यानं सांगितलं, "मावशी, धोका वर नसतो, खाली असतो." पाणी खांबावर आपटतं, तिथून खाली बुडी मारतं आणि खांबाच्या पायथ्याशी भोवरा होऊन वाळू-माती उपसतं. पूर ओसरला की त्याच खड्ड्यात पुन्हा गाळ भरतो. वरून बघणाऱ्याला पूल जसाच्या तसा दिसतो, पण पायाखालची घट्ट माती गेलेली असते. म्हणून खांबाभोवती मोठे दगड रचतात, जाळीत बांधून टाकतात, किंवा खांबाला गळपट्ट्यासारखी तबकडी बसवून खाली येणारं पाणी अडवतात. हे सगळं पटतं, कारण पूल पडला तर काय होतं हे आपण बघितलं आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. त्यानंतर "पुलावर कशाला संशोधन?" असं कोण विचारील?

पण भाच्यानंच पुढे एक गोष्ट सांगितली. आपल्याकडे पुलाचा पाया किती खोल न्यायचा, हे काढताना आजही जेराल्ड लेसी नावाच्या इंग्रज इंजिनियरच्या सूत्राचा आधार घेतात. त्या सूत्रानं नदीचा तळ किती खरवडला जाईल ते काढायचं, आणि खांबापाशी त्याच्या दुप्पट धरायचं. गंमत अशी, की १९३० साली लेसीनं आपला निबंध लिहिला तो पुलांसाठी नव्हताच. कालवे गाळानं भरू नयेत आणि खरवडलेही जाऊ नयेत, तर त्यांचा आकार कसा असावा, एवढाच त्याचा प्रश्न होता. पुढे पुण्याच्या जलसंशोधन केंद्रात (आज आपण ते खडकवासल्याचं म्हणून ओळखतो) सर क्लॉड इंग्लिस यांनी नद्यांच्या आणि खांबांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यात पाणी सोडून बघितलं. म्हणजे कालव्यातल्या गाळाचा अभ्यास पुलाच्या कामी आला. लेसीच्या घरी दिवाळीला कुणी "उपयोग काय" विचारलं असतं, तर त्यानं पुलाचं नावही घेतलं नसतं.

आता नातीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात मी तिला म्हटलं, "बाळा, मी बी.ए. मराठीवाली. मला समजेल असं सांग." पुरण घालायचं होतं. ती म्हणाली, "आजी, डाळ शिजल्याशिवाय कट काढता येत नाही. कट काढल्याशिवाय पुरण वाटता येत नाही. पण कणीक भिजवायला डाळीची वाट बघावी लागते का?" नाही. "मग डाळ आधी की कणीक आधी?" मी म्हटलं, काहीही चालेल. "हाच पोसेट. काही गोष्टींत आधी-नंतर ठरलेलं असतं, आणि काही जोड्यांत ते नसतंच." तिनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ठिपके काढले आणि रेघांनी जोडले. डाळ खाली, तिच्यावर कट, त्यातून एक रेघ आमटीकडे, एक पुरणाकडे. कणीक वेगळीच एका बाजूला. सगळ्यांत वर पोळी.

मग म्हणाली, १९५० साली डिलवर्थ नावाच्या गणितज्ञानं सिद्ध केलं, की एकमेकांसाठी अडून नसलेली जास्तीत जास्त जितकी कामं सापडतील, बरोबर तितक्याच साखळ्यांत सगळी कामं बसवता येतात, कमी साखळ्यांत नाही. म्हणजे एकेका बाईकडे एकेक साखळी दिली की झालं. कॉम्प्युटरला कामं वाटून देताना हाच विचार लागतो म्हणे. आणि हे काही फक्त परदेशातलं नाही. या शाखेत आपल्या पुण्याकडच्या मंडळींनी मोठं काम केलं आहे. २००२ साली ठाकरे, पवार आणि वाफरे यांनी मिळून अशाच एका प्रकारच्या रचनांच्या घडणीवर आणि मोजणीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तो आजही संशोधकांना लागतो, असं ती सांगत होती.

ते चित्र बघताना मला माझंच आठवलं. तेहेतीस वर्षं मी पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर काढले. निबंध सुंदर लिहिणारी मुलगी आणि बीजगणितात चमकणारा मुलगा, यांना एका रांगेत उभं करून वर-खाली ठरवलं. "यांची तुलना होत नाही" असंही उत्तर असू शकतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. विषयांचंही आपण तसंच करतो. पूल वर, पोसेट खाली. पण ही रांग आपण लावलेली असते, ती मुळात नसते.

आणि उपयोग कुठून येईल हे सांगता येतं का? आपल्याच जिल्ह्यातलं बघा. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस भराभर गळून टक्कल पडू लागलं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून सेलेनियम या द्रव्याकडे आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. पंजाबात होशियारपूर, नवांशहरकडच्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, याचा अभ्यास लुधियान्याच्या कृषी विद्यापीठात आधीपासून झालेला होता. तो करणाऱ्यांना शेगावच्या माणसांचे केस डोळ्यांपुढे नक्कीच नव्हते.

आता दुसरी बाजू. मी काही भाबडी नाही. नुसती बढतीसाठी केलेली, इकडून तिकडून उतरवलेली पीएच.डी. मीही पाहिली आहे. पीएच.डी. होऊन वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबणारी मुलं तर आपल्या नात्यातच आहेत. नातीच्या आईला रात्री झोप लागत नाही ती त्यामुळे, आणि तिची काळजी खोटी नाही. पण तो दोष विषयाचा नाही. खोटं काम पुलावरही होतं आणि पोसेटवरही. रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, त्याला पोसेट काय करणार?

एक कबुली देते आणि थांबते. १९८७ च्या सुमारास माझ्या वर्गात भूमितीचं वेड असलेला एक मुलगा होता. वडील जिनिंगमध्ये कामाला. ते विचारायला आले, "बाई, याले पुढं काय शिकवू?" मी ठामपणे सांगितलं, डी.एड. करू द्या, लवकर नोकरी लागेल. लागली. चांगला शिक्षक झाला, संसार उभा राहिला. माझा सल्ला चुकला असं कुणी म्हणणार नाही. पण मागे एका लग्नात भेटला, पाया पडला आणि सहज म्हणाला, "बाई, ते गणित राहूनच गेलं." त्या दिवशी त्याच्या वडिलांना उत्तर देण्याआधी मी त्याला एकदा तरी विचारायला हवं होतं, की तुला यात काय दिसतं?

म्हणून माझ्या सगळ्या नातेवाइकांना, आणि हे वाचणाऱ्या ब्लॉगर मित्रमैत्रिणींनाही विनंती. घरातलं एखादं पोर असा न कळणारा विषय घेऊन आलं, तर "उपयोग काय" विचारू नका. "मला समजावून सांग" म्हणा. ज्याला मनापासून कळलं आहे तो सांगेल, आणि नुसत्या पाट्या टाकणारा असेल तर तेही आपल्याला कळेल.

माझ्या दिरांनाही मी ते कॅलेंडर दाखवलं. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "यात वेलदोडे कुठी हायेत?" नातीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आजी, बरोबर आहे त्यांचं, तो ठिपका राहिला."