हरकतींची मुदत

प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो, १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम २६ अन्वये हरकती-सूचनांसाठी तीस दिवसांची मुदत सुरू होते, आणि मिरकरवाड्यातल्या ज्या घरावरून वा हापूसच्या ज्या बागेतून नियोजित रस्त्याची रेघ गेलेली असते, त्या मिळकतीच्या मुंबईकर हिस्सेदारांना त्याची इत्तला बहुधा मुदत सरल्यावरच मिळते. सातबाऱ्यावर सामायिक नावांची रांग असलेल्या आमच्या रत्नागिरीत हा प्रश्न विशेष बिकट. म्हणून या अंकात आम्ही आराखड्याच्या गुणदोषांपेक्षा तो वाचावा कसा, आरक्षण म्हणजे काय, हरकत लेखीच का द्यावी आणि सुनावणीत काय मागावे, याचाच विचार केला आहे. रंगीत नकाशापुढे भले वकीलही भांबावतात. वाचकांनी आपले अनुभव, विशेषतः आमच्याशी असलेले मतभेद, निःसंकोच कळवावेत.